बाबांचे मत कोणते धरायचे, तेव्हाचे की आत्ताचे?

अनघा_कोथरूड (प्रश्न)

नमस्कार. माझ्या वडिलांना अल्झायमर आहे. ते एकोणऐंशी वर्षांचे आहेत, पुण्यातल्या एका शाळेत त्यांनी निवृत्त होईपर्यंत विज्ञान शिकवले, आणि निदान होऊन आता काही वर्षे लोटली आहेत. औषधे, झोप, संध्याकाळी वाढणारी अस्वस्थता यांविषयी इथे झालेली चर्चा मी वाचली आहे आणि तिचा मला उपयोगही झाला आहे. माझा आजचा प्रश्न मात्र सेवेचा नाही, आणि तो कोणत्या डॉक्टरांना विचारावा हे मला समजत नाही, म्हणून इथे विचारते.

बाबा आयुष्यभर नास्तिक होते. आईचा देव्हारा स्वयंपाकघरात होता, तिच्या पूजेला त्यांनी कधी हरकत घेतली नाही, पण स्वतः कधी हातही जोडले नाहीत. आजोबा गेले तेव्हा दहावे-बारावे करायला त्यांनी नकार दिला, भाऊबंदांचे बोलणे शांतपणे ऐकून घेतले आणि तेवढ्या पैशांतून वाईजवळच्या आमच्या गावातील शाळेला सूक्ष्मदर्शक घेऊन दिले. स्वतःच्या देहदानाचा अर्ज त्यांनी आजार सुरू होण्याच्या पुष्कळ आधी भरला आणि माझी व भावाची सही त्यावर घेतली.

गेल्या गणपतीपासून ते संध्याकाळी आई दिवा लावते तेव्हा शेजारी पाटावर येऊन बसतात, घंटी हातात घेतात आणि आरती म्हणतात. दुपारी काय जेवलो हे ज्यांना सांगता येत नाही, त्यांना आरतीची सगळी कडवी पाठ आहेत. त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान असते, तसे दिवसभरात दुसऱ्या कशानेही दिसत नाही. आईला फार आनंद झाला आहे. आत्या म्हणते, ‘शेवटी दादाला देव आठवला.’ घरी सत्यनारायण घालून बाबांना यजमान म्हणून बसवावे असा तिचा आग्रह आहे आणि देहदानाचाही फेरविचार करा, असे ती आता सुचवू लागली आहे.

मी त्या वेळी खोलीत थांबू शकत नाही. ज्या माणसाने मला ‘कशावरून?’ असे विचारायला शिकवले, तो माणूस आणि घंटी वाजवणारे हे गृहस्थ एकच आहेत का? एकच असतील तर बाबांनी मत बदलले असे मी धरायचे का? आणि एक नसतील, तर मी रोज ज्यांना आंघोळ घालते, जेवू घालते, ते माझे कोण आहेत? प्रश्न असा मांडताना मला अपराधी वाटते, पण तो मनातून जात नाही.

---

डॉ_मेंदूविकार

अनघाताई, मी मेंदूविकारांच्या क्षेत्रात काम करते. तुमच्या वडिलांना मी तपासलेले नाही, त्यामुळे जे लिहिते आहे ते आजाराविषयी आहे असे समजावे.

अल्झायमरमध्ये सर्वसाधारणपणे पहिला आघात मेंदूतील हिप्पोकॅम्पस नावाच्या भागावर आणि त्याच्या लगतच्या भागावर होतो. नव्या घटना साठवण्याचे काम तिथे चालते, म्हणून दुपारचे जेवण आठवत नाही. जुन्या, पुनःपुन्हा उजळलेल्या आठवणी त्या मानाने उशिरा जातात; फ्रेंच मानसशास्त्रज्ञ तेओद्यूल रिबो यांनी हा क्रम १८८१ सालीच नोंदवला होता. ताल, चाल आणि पाठांतर यांची स्मृती घटनांच्या स्मृतीपेक्षा बऱ्याच अंशी वेगळ्या मार्गांवर अवलंबून असते आणि ती पुष्कळदा आजाराच्या मध्यम टप्प्यापर्यंत टिकते. लहानपणी गावच्या घरात रोज ऐकलेली आरती त्यांना आज येते, यात वैद्यकीयदृष्ट्या आश्चर्य नाही. तेवढ्यावरून त्यांनी देवाविषयी विचार केला आणि मत बदलले, असा निष्कर्ष मात्र काढता येत नाही. तुमच्या आत्यांना जे श्रद्धेचे पुनरागमन वाटते, ते सात-आठ वर्षांच्या मुलाच्या संध्याकाळचे पुनरागमन असण्याची शक्यता मला अधिक वाटते.

या आजारात ‘मी कसा आहे’ याचे ज्ञान अनेकदा पुसले जात नाही. ते एका जागी थांबते. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अल्झायमर असलेल्या एका स्त्रीला स्वतःच्या स्वभावाचे वर्णन करायला सांगितले होते. तिचे उत्तर तिच्या आजारापूर्वीच्या स्वभावाशी जुळले, आत्ताच्या स्वभावाशी जुळले नाही. स्वतःविषयीचे ज्ञान तिच्याकडे होते, फक्त त्यात नवी भर पडणे थांबले होते. आरशातल्या म्हाताऱ्या माणसाकडे बोट दाखवून ‘हे कोण आले आहेत?’ असे विचारणारे रुग्ण मी पाहिले आहेत. मनातली स्वतःची प्रतिमा चाळिशीतली असेल, तर पांढऱ्या केसांचा तो चेहरा परकाच वाटणार. तुमच्या घरी असे घडत असेल तर वाद घालू नका, आरशावर पडदा टाका.

आणखी एक नोंद तुमच्या उपयोगाची आहे. आयोवा विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ साली अल्झायमरच्या १७ रुग्णांना दुःखद आणि आनंददायक चित्रफिती दाखवल्या. थोड्याच वेळात पाहिलेले बहुतेक सगळे ते विसरले, पण त्यातून आलेली दुःखाची किंवा आनंदाची भावना त्यानंतरही टिकून राहिली. म्हणून संध्याकाळी तुम्ही खोलीतून उठून जाता तेव्हा कारण त्यांच्या लक्षात राहणार नसले, तरी तुमच्या चेहऱ्यावरची नाराजी त्यांच्यापर्यंत पोहोचत असेल. हा दोषारोप नाही. तुम्हाला ते माहीत असावे एवढ्यासाठी लिहिले.

---

निवृत्त_प्राध्यापक_डेक्कन

मी तत्त्वज्ञान शिकवीत असे. हा प्रश्न वर्गात शिकवणे आणि स्वतःच्या वडिलांविषयी विचारणे यांत फार अंतर आहे याची जाणीव ठेवून लिहितो.

स्मृती गेली म्हणजे माणूस गेला, या समजुतीला पाश्चात्त्य विचारात इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकने सतराव्या शतकाच्या अखेरीस भक्कम रूप दिले. पूर्वीचे कृत्य आपले म्हणून आठवण्याइतकी जाणीव जिथवर पोहोचते, तिथवर तीच व्यक्ती, असे त्याचे म्हणणे. स्कॉटिश तत्त्वज्ञ थॉमस रीडने १७८५ साली त्यावर एका सेनाधिकाऱ्याचे उदाहरण दिले. लहानपणी बागेत चोरी केली म्हणून मार खाल्लेला मुलगा, तरुणपणी शत्रूचा ध्वज हिसकावणारा अधिकारी आणि म्हातारपणी सेनापती. सेनापतीला ध्वज आठवतो, पण मार आठवत नाही. अधिकाऱ्याला मात्र तो आठवत होता. मग लॉकच्या कसोटीने सेनापती आणि अधिकारी एक, अधिकारी आणि मुलगा एक, पण सेनापती आणि मुलगा दोन वेगळ्या व्यक्ती ठरतात, आणि हे कोणालाच पटण्यासारखे नाही.

आपल्याकडच्या नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या विचारवंतांनी, स्मृतीला निराळे स्थान दिले. त्यांच्या मते स्मरण हा आत्म्याचा पुरावा आहे, आत्म्याचे घटकद्रव्य नाही. धूर दिसेनासा झाला म्हणून विस्तव विझला असे ठरत नाही. न्यायसूत्रांत इच्छा, द्वेष, प्रयत्न, सुख, दुःख आणि ज्ञान ही आत्म्याची लिंगे, म्हणजे त्याला ओळखण्याच्या खुणा, सांगितली आहेत, आणि त्यात इच्छा पहिली आहे. त्या सूत्रांवरील वात्स्यायनाच्या भाष्यात याचे कारण दिले आहे: ज्या प्रकारच्या वस्तूपासून पूर्वी सुख मिळाले, त्या प्रकारची वस्तू पुन्हा समोर आली की ती घ्यावीशी वाटते, आणि हे घडायचे तर पूर्वी सुख अनुभवणारा आणि आता हात पुढे करणारा एकच असला पाहिजे. घंटीकडे जाणारा तुमच्या वडिलांचा हात पाहताना मला हे भाष्य आठवले असते. नैयायिकांना यातून नित्य आत्मा सिद्ध करायचा होता आणि तुमच्या वडिलांनी तो मानला नसता, हे खरे. पण सूक्ष्म निरीक्षण तेवढे घेऊन सिद्धान्त बाजूला ठेवायला त्यांचीही हरकत नसती, असे वाटते.

तेव्हा ते तेच आहेत का, या प्रश्नाला माझे उत्तर ‘होय’ असे आहे. पण त्यामुळे तुमची खरी अडचण सुटत नाही, कारण माणूस तोच असला तरी त्याच्या दोन इच्छांपैकी कोणती मानायची हे उरतेच. अमेरिकी विधितत्त्वज्ञ रोनाल्ड ड्वॉर्किन यांनी १९९३ मध्ये असे मांडले की माणसाचे हित दोन पातळ्यांवर असते: एक, आत्ता सुखात असणे, आणि दुसरे, आपल्या आयुष्याला आपण जो आकार दिला तो टिकणे. विचारशक्ती शाबूत असताना ठरवलेले दुसऱ्या प्रकारचे हित नंतरच्या सुखापेक्षा वरचढ, असा त्यांचा निर्णय होता. तत्त्वज्ञ अ‍ॅग्निएश्का यावोर्स्का यांनी १९९९ मध्ये त्यांना उत्तर दिले. सगळे आयुष्य एकत्र डोळ्यांसमोर धरता येत नसले तरी एखादी गोष्ट मोलाची मानण्याची क्षमता बराच काळ टिकू शकते, आणि ती टिकली असेल तर आजच्या माणसाच्या मताला आजही मान दिला पाहिजे, असे त्यांचे प्रतिपादन आहे. माझा कल यावोर्स्का यांच्याकडे आहे. म्हणून तुम्हालाच एक विचारतो: बाबांना आरती आवडते, की आरती केली पाहिजे असे त्यांना वाटते? चुकली तर त्यांना रुखरुख लागते का? इतरांनी ती करावी असा आग्रह ते धरतात का? आवडणे आणि मोलाचे मानणे यांतला फरक अशा लहान गोष्टींतून कळतो.

---

कर्वेरोडकर

वरचे दोन्ही प्रतिसाद मी आदराने वाचले. तरीही, आत कुठेतरी माणूस तोच असतो, हे आश्वासन सगळ्यांना देऊ नये, अशी माझी विनंती आहे, आणि त्यामागचे कारण सांगतो.

माझ्या पत्नीला फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया आहे, म्हणजे मेंदूच्या पुढच्या आणि बाजूच्या भागांची झीज होऊन आधी स्वभाव आणि वागणे बदलणारा आजार. सुरुवात पन्नाशीतच झाली. तिची स्मरणशक्ती प्रथम कितीतरी काळ चांगली होती. मुलांचे वाढदिवस, भाजीवाल्याचा हिशेब, सगळे तिला आठवत असे. बदलली ती तिची माया. ती मूळची अतिशय भिडस्त. कोणाच्या घरी गेल्यावर दुसरा लाडूसुद्धा न घेणारी. तीच दुकानातल्या वस्तू पैसे न देता पिशवीत घालू लागली, आणि माझ्या बहिणीचे यजमान गेल्याचे कळले तेव्हा ‘मग जेवण कधी?’ एवढेच तिने विचारले. पहिले काही महिने हे नैराश्य असेल, पाळी जाण्याच्या वयातला त्रास असेल, असेच आम्हाला सांगितले गेले. मी तिच्यावर रागावलो, लोकही रागावले, कारण तिला कळते आहे आणि ती मुद्दाम करते आहे, असेच पाहणाऱ्याला वाटे.

पुढे वाचनात आले की नीना स्ट्रोमिंगर आणि शॉन निकोल्स या संशोधकांनी २०१५ मध्ये डिमेन्शियाच्या रुग्णांच्या घरच्यांना नेमके हेच विचारले होते: तुमचा माणूस तुम्हाला अजून तोच वाटतो का? फ्रंटोटेम्पोरल प्रकारातल्या कुटुंबांना आपला माणूस परका झाल्यासारखे सर्वाधिक वाटत होते, अल्झायमरच्या कुटुंबांना त्याहून कमी. आणि परकेपणाशी सर्वांत घट्ट जोडलेली गोष्ट स्मृतिनाश नव्हती, दया, प्रामाणिकपणा, निष्ठा अशा नैतिक गुणांतला बदल होता. ते वाचून मला बरे वाटले असे म्हणणार नाही, पण आपण वेडेवाकडे काही अनुभवत नाही एवढे कळले.

माझ्या पत्नीच्या बाबतीत, ती जी होती ती आता तिच्या वागण्यात सापडत नाही. पण ती कोण होती हे मला आणि मुलांना ठाऊक आहे, आणि म्हणून दुकानदाराशी बोलताना, नव्या आयाबाईंना तिची माहिती देताना, मी आधी ती सांगतो: या बाई अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तके वाचून ध्वनिमुद्रित करीत असत. इंग्लंडमध्ये मानसशास्त्रज्ञ टॉम किटवुड यांनी १९९७ साली लिहिले होते की व्यक्तित्व हे एक स्थान आहे आणि ते आजूबाजूच्या माणसांनी आपल्याला दिलेले असते. तिचे स्थान तिला आता स्वतः धरून ठेवता येत नाही, ते आम्ही धरले आहे. कोणी तिच्यासमोरच ‘यांना काही कळत नाही हो’ असे म्हटले की मी त्यांना थांबवतो. तिला वाईट वाटेल म्हणून नाही, कदाचित वाटणारही नाही. तसे बोलणे चूक आहे म्हणून.

अनघाताई, तुमच्या बाबांच्या चेहऱ्यावर समाधान दिसते, ते आईच्या शेजारी जाऊन बसतात. माझ्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट शिल्लक आहे. तुम्ही तिथे बसावे असे मला मनापासून वाटते.

---

अनघा_कोथरूड

तिघांचेही आभार. कर्वेरोडकर काका, तुमचे लिहिणे वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही.

प्राध्यापक सरांनी विचारलेल्या गोष्टींकडे मी लक्ष देऊन पाहिले. एके दिवशी आई मावशीकडे गेली होती आणि दिवा लागला नाही, तेव्हा बाबांना काहीच चुकल्यासारखे वाटले नाही. ते गॅलरीत बसून समोरच्या इमारतीचे मजले मोजत होते. मला किंवा भावाला त्यांनी एकदाही नमस्कार करा म्हटलेले नाही. उलट परवा आत्या आली होती आणि बोलता बोलता ‘देवानेच दादाला इथवर आणले’ असे म्हणाली, तेव्हा ते लगेच म्हणाले, ‘कशावरून?’ आत्याला राग आला. बाबा पुढचे वाक्य विसरले आणि खिडकीबाहेर पाहू लागले. त्यानंतर तासाभराने त्यांनी घंटी वाजवली.

आता मी संध्याकाळी थांबते. म्हणत नाही, फक्त बसते. आत्याचा सत्यनारायणाचा आग्रह मात्र सुटलेला नाही, आणि देहदानाच्या बाबतीत भाऊही डळमळू लागला आहे. त्याचे म्हणणे असे की बाबा आता इतके बदलले आहेत, तर जुना कागद कशाला धरून बसायचे.

---

निवृत्त_प्राध्यापक_डेक्कन

तुम्ही जे पाहिले त्यावरून आरती ही त्यांची आवड आहे, मत नाही, असे मला वाटते. त्यांचे मत ‘कशावरून’मध्ये अजून जागे आहे. म्हणून दोन्ही प्रसंगांना वेगळे नियम लावावेत. पत्नीशेजारी बसून घंटी वाजवणे हे त्यांचे आत्ताचे सुख आहे, त्याने कोणाचे काही बिघडत नाही, आणि ते त्यांनी पूर्वी कधी निषिद्धही मानले नव्हते. स्वतः करीत नव्हते एवढेच. सत्यनारायणाला यजमान म्हणून बसवणे हा वेगळा प्रकार आहे. तिथे पन्नास माणसांसमोर त्यांच्याकडून एक जाहीर कबुली घेतल्यासारखे होईल, संकल्प त्यांच्या नावाने सोडला जाईल, छायाचित्रे निघतील, आणि ज्याचा अर्थ त्यांना समजत नाही अशा कृतीने त्यांच्या साऱ्या आयुष्याचा निकाल लावला जाईल. आत्यांना पूजा करायची असेल तर ती त्यांनी स्वतःच्या घरी, स्वतः यजमान होऊन जरूर करावी आणि दादाला प्रसादाला बोलवावे.

देहदानाचा निर्णय बदलण्याचे कारण मला दिसत नाही. त्या विषयावर त्यांनी नवे काही ठरवलेले नाही, आणि ठरवण्याची क्षमता असताना जे ठरवले ते पूर्ण विचाराने, तुम्हा दोघांना सोबत घेऊन ठरवले. भावाला एवढेच विचारा की बाबा बदलले असे तो म्हणतो, ते बाबांच्या कोणत्या बोलण्यावरून.

---

डॉ_मेंदूविकार

प्राध्यापकांशी मी सहमत आहे. फक्त व्यवहाराची बाजू सांगते, कारण ऐनवेळी घरे तिथेच अडतात. अर्ज भरलेला असला तरी मृत्यूनंतर देह सोपवण्याचे काम नातेवाइकांनाच करावे लागते, आणि घरातल्या जवळच्या माणसाने ठाम विरोध केला तर महाविद्यालय सहसा देह स्वीकारीत नाही. म्हणून भावाशी आणि आईशी आत्ताच सविस्तर बोला. पुण्यात बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी शरीररचनाशास्त्र विभाग हे काम पाहतो. अर्ज ज्या संस्थेकडे भरला तिथे एकदा चौकशी करून नोंद सापडते का, रात्री किंवा सुटीच्या दिवशी कोणाला कळवायचे, हे विचारून घ्या. डॉक्टरांचा मृत्यूचा दाखला लागतो, तेव्हा घरी येऊन तो देऊ शकतील असे डॉक्टर ठरवून ठेवा. शवविच्छेदन झाले असेल किंवा काही विशिष्ट संसर्ग असतील तर देह घेतला जात नाही. नेत्रदानही करायचे असेल तर ते साधारण सहा तासांच्या आत व्हावे लागते, म्हणून नेत्रपेढीचा क्रमांक वेगळा लिहून ठेवा.

इथे वाचणाऱ्या आणि आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यात असलेल्या कुटुंबांसाठी आणखी एक. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ प्रमाणे कोणत्याही सज्ञान व्यक्तीला मानसिक आजारात आपल्यावर कसे उपचार व्हावेत, कसे होऊ नयेत आणि आपल्या वतीने कोणी बोलावे हे आगाऊ लिहून ठेवता येते. निदान नवे असते तेव्हा रुग्णाला बहुतेक वेळा हे सगळे नीट समजत असते आणि त्याला बोलायचेही असते. घरचेच विषय टाळतात. पूजा, आहार, पैसा, रुग्णालयातील नळ्या, शेवटचे विधी, जे ज्याला महत्त्वाचे वाटते ते त्याच्या शब्दांत लिहून घ्या, आणि कागदावर तारीख घाला.